उपासाच्या दिवशी मागितलेलं पाणी

माझा आवाज मोठा आहे. उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात, ब्लाउजपिसांच्या मॅचिंग सेंटरमध्ये दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं, तिथं पुटपुटून कसं चालेल? पण चर्चमध्ये हाच आवाज सगळ्यांना खुपायचा. विशेषतः बाईंना. बाई मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्यासारख्याच मराठी. फिकट साडी, हळू बोलणं, प्रार्थनेत एक शब्द वाकडा नाही. "भक्तीत नम्रता दिसली पाहिजे गं," असं मला नेहमी सांगायच्या. मी प्रयत्न केला हो, खरंच केला. पण देवाशी बोलायला लागले की माझं भांडणच सुरू व्हायचं. मग वाटायचं, माझ्यासारखीची श्रद्धा खरी तरी आहे का?

गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. क्रूसावरून प्रभू सात वेळा बोलला, त्यावर सात जण बोलतात. यंदा नव्या पाद्रीसाहेबांनी पाचवं, ‘मला तहान लागली आहे’ हे, मला दिलं. बाई लगोलग घरी आल्या. "तुझं दुकानातलं बोलणं तिथं नको हं," म्हणाल्या, आणि शुद्ध हिंदीत अख्खं भाषण लिहून दिलं. मीही ठरवलं, बास, आता शहाण्यासारखं वागायचं. नीट पार पडलं तर या मंडळीत मला जागा आहे. नाही तर जाणंच बंद करीन, असं नवऱ्याला सांगूनही टाकलं.

उज्जैनचा एप्रिल, काही विचारू नका. पंखे गरम हवाच फिरवत होते. त्यात सगळ्यांचा कडक उपास. तीन वाजेपर्यंत कुणी घोटभर पाणीही घेत नाही. मी उभी राहिले, दोन वाक्यं वाचली आणि जीभ टाळूला चिकटली. शब्दच फुटेना. आणि दुकानात म्हणते तसं तोंडातून निघून गेलं, "अरे भैया, ज़रा पानी देना!"

मेले! बाईंनी डोळे मिटून घेतले. कुणी जागचं हलेना. मला आधी लाज वाटली, मग आला राग. कागदाची घडी केली आणि म्हटलं, "क्या हुआ? प्रभु ने भी तो माँगा था! सबके सामने, उन्हीं से, जो उसे मार रहे थे. और हम? घर में बुखार से तपते रहेंगे, पर पड़ोसी से एक गिलास पानी नहीं माँगेंगे, कि लोग क्या कहेंगे! ये नम्रता है? ये तो अकड़ है, अकड़!"

शेवटचा शब्द जरा जास्तच जोरात गेला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पाद्रीसाहेब उठले आणि त्यांनी स्वतः ग्लास आणून दिला. मी गटागटा प्यायले. उपास मोडला तो मोडला.

जागेवर येऊन बसले. वाटलं, संपलं आपलं इथलं.

तीननंतर लोक पांगले. मी चपला घालत होते, तर बाईंनी दंडाला धरून मला बाजूला नेलं. मी म्हटलं, "बाई, आता रागावू नका, व्हायचं ते झालं." त्या म्हणाल्या, "माझा उजवा हात वर जात नाही गं. कधीपासून डोक्यावरून आंघोळ केलेली नाही. केस धुता येत नाहीत. कुणाला सांगायचं? लाज वाटत होती." माझा दंड त्यांनी अजून सोडला नव्हता. "तू येशील?"

इतक्या वर्षांत बाईंनी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं.

"उद्या सकाळीच येते," मी म्हटलं. "पण तोंड बंद ठेवून न्हाऊ घालणार नाही, सांगून ठेवते."

"नकोच ठेवूस," बाई म्हणाल्या. "घर फार गप्प असतं माझं."