हौसाकाकूंचा अंगठा

कोरोनाच्या काळात शेतकऱ्यांच्या खात्यात सरकारी मदत जमा झाली आणि ते पैसे काढायला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रांग लागली. आमच्या शेजारच्या हौसाकाकू बँकेच्या ठसे ओळखणाऱ्या यंत्रावर अंगठा टेकवत होत्या, यंत्र तो नाकारत होतं. आज पैसे मिळाले नाहीत, तर दुकानातलं सोयाबीनचं बियाणं संपणार होतं.

“काकू, सॅनिटायझरनं अंगठा कोरडा पडलाय. केसांवर घासा,” बँकेचा माणूस म्हणाला.

“घासते की. पण चाळीस वर्षं खुरपं धरलंय, बाबा. रेघा राहिल्या असतील तर घे.”

“मग गेल्या कुठं?” मागून कुणीतरी चेष्टा केली.

“रानात! जा, हुडक जा.”

सगळे हसले. काकूंनी तेल लावलेल्या केसांवर अंगठा फिरवून पुन्हा टेकवला, आणि यंत्रानं त्यांना एकदाचं ओळखलं.

महिन्यापूर्वी गेलेल्या आईचं खातं कसं बंद करायचं, हे विचारायला मी आलो होतो. आमच्या रानात खुरपून तिचाही अंगठा असाच गुळगुळीत झाला होता. आजारपणात तो हातात धरून बसलो की वाईट वाटायचं. आता वाटत नाही. परतताना मी रस्ता सोडून आमच्या शेतातून आलो, चपला हातात घेऊन.