रचून ठेवलेली लाकडं

"थाप मार! शिऱ्या, गप्प बसू नकोस, थाप मार!" दिगंबर माझ्या कानाशी ओरडत होता आणि माझे ओले बूट ओढून काढत होता.

एरवी मी थापा मारायला तोंड उघडलं की "झालं याचं सुरू" म्हणत हाच माणूस उठून जायचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. तो पेट्रोलियम शिकायचा, मी त्याने केलेला भात खायचो. सुट्टीत खटारा ड्राइव्ह करत पश्चिमेच्या डोंगरातल्या नॅशनल पार्कमध्ये गेलो, पायवाटेने पार आत शिरलो, आणि हिमालयाने उसना न्यावा इतका बर्फ कोसळला. त्यात ओढा ओलांडताना मी गळ्यापर्यंत बुडालो. (ओढा गुडघाभर होता, असं दिगंबर शेवटपर्यंत सांगायचा.)

पलीकडे रेंजरची केबिन दिसली. रेंजर स्कीवर गस्त घालायचे तेव्हाची, ओंडक्यांची, काळी पडलेली. अस्वलं आत शिरू नयेत म्हणून खिडक्यांच्या फळ्यांतून खिळ्यांची टोकं बाहेर काढलेली. दाराला मात्र नुसती कडी. आतल्या शेगडीत कुणीतरी ढलप्या, काटक्या, चिरलेली लाकडं रचून ठेवली होती, शेजारी डब्यात कोरड्या आगकाड्या. तिथला रिवाजच तो. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी रचून जायचं.

पण तोवर मी कुडकुडायचा थांबलो होतो. "आता बरं वाटतंय, झोपतो," म्हणालो. अशा गारठ्यात झोपलेला माणूस उठत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा दिगंबरचा चेहरा जो झाला... इतका घाबरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्याच्या हातातली काडी ढलपीपर्यंत पोचण्याआधीच विझली. दुसरीही.

"थाप मार म्हणतो ना!"

"आमची म्हैस... पोहत गोव्याला जायची."

"मग?"

मग काय, ते सुचेना. मला! माझ्याकडची थाप संपली, तेव्हा कुठे मीही घाबरलो.

"गोव्याला जाऊन काय करायची? बोल, गाढवा!"

ढलप्यांनी जाळ धरला.

"मासे आणायची," मी म्हणालो, आणि तो हमसून रडायला लागला.

सकाळी आभाळ पुन्हा भरून आलं. मला पळायचं होतं. दिगंबर खाली बसून ढलप्या काढत होता. "अरे, अडकू इथेच! चल!" "रचल्याशिवाय नाही." तोही सारखा दाराबाहेर आभाळाकडे बघत होता, तरी काटक्या खाली, जाड लाकडं वर, सगळं नीट.

पुढे त्याने तिकडेच दक्षिणेत, शुगर लँड गावात घर घेतलं. तिथल्या उकाड्यात माणसंच वितळतात, पण याच्या फायरप्लेसमध्ये लाकडं कायम रचलेली. आम्ही हसायचो. गेल्या महिन्यात तो झोपेतच गेला... ओरडायला मी तिथे नव्हतो.

वहिनींना भेटायला त्याच्या घरी गेलो तेव्हा एसी फुल होता. मला हुडहुडी भरली ती काही थांबेना. लाकडं त्याच्याच हातची होती. फायरप्लेसपाशी जाऊन विचारलं, "वहिनी, पेटवू?"

त्या कप आवरत होत्या. "पेटवा," म्हणाल्या. "जाताना रचून ठेवा."