शबानाच्या आवाजातली बोंडअळी

शेजारच्या खिडकीतून माझाच आवाज येत होता. स्वच्छ, खणखणीत, किंचित घाईचा. कार्तिकातलं कोवळं ऊन राजापेठेतल्या आमच्या गच्चीवर उतरलं होतं, खाली शिकवणीला निघालेल्या मुलींच्या स्कूटींची लगबग चालली होती, आणि त्या कोलाहलातून माझा आवाज कुणाच्या तरी मोबाइलवर प्रकाशसंश्लेषण समजावून सांगत होता. मी मात्र ओले कपडे दोरीवर टाकत मुकाट उभी होते. डॉक्टरांनी मला बोलायला बंदी केली होती. आपलाच स्वर आपल्यावाचून परक्या घरी सुखाने नांदताना ऐकावा, याहून विचित्र विरह कोणता असेल?

मी विज्ञानाची शिक्षिका. शाळा बंद होत्या त्या काळात आम्ही काही शिक्षक इंटरनेटवरच्या एका मंचावर एकत्र आलो. धडा रचायचा, चित्रं जोडायची, त्यावर आपल्या आवाजात निवेदन द्यायचं आणि तो सर्वांसाठी खुला ठेवायचा. कुणीही उतरवून घ्यावा, आपल्या वर्गाला मानवेल तसा बदलावा. शाळा उघडल्या, तरी माझी ती ओढ सुटली नाही. दिवसभर वर्गात बोलायचं आणि संध्याकाळी पुन्हा मोबाइलसमोर. घसा कुरकुरू लागला तेव्हा हळद-मधावर भागवलं. मग एकदा हजेरी घेताना तोंड उघडलं आणि नुसती हवाच बाहेर पडली.

स्वरतंतूवर गाठ होती. ती काढून तपासणीला पाठवली. “साधी असावी असं वाटतं,” डॉक्टर म्हणाले, “पण अहवाल आल्याशिवाय मी शब्द देणार नाही. आणि आवाज कितपत परत येईल, तेही आताच सांगता येत नाही.” घरी परतताना रिक्षात मी घसा हाताने झाकून बसले होते, जणू काही वाऱ्याने उडून जाणार होतं. हातात खडू आहे, समोर मुलं आहेत आणि कंठात शब्द नाही, अशा शिक्षिकेला काय म्हणायचं?

कीटकांच्या जीवनचक्राचा धडा अर्धाच राहिला होता. चित्रं तयार, निवेदन नाही. मी तो तसाच मंचावर ठेवला आणि खाली लिहिलं, ‘कुणी आवाज देईल का?’ उत्तर आलं ते शबानाचं. अकोल्याजवळच्या एका खेड्यात ती शिकवायची. सासरी कपाशीची शेती. आमची भेट कधीच झालेली नव्हती. मी टंकून पाठवायची, ती बोलून पाठवायची. गाठीचं आणि अहवालाचंही मी तिला कळवलं होतं.

“ताई, आवाज मी देते,” तिचा पहिलाच निरोप होता, “पण फुलपाखरू कावून घेतलं तुमी? आमच्या पोट्ट्यायले बोंडअळी दाखवा न. घरोघरी तिचंच नाव चालू हाय.”

मला ते रुचलं नाही. त्या सालांत गुलाबी अळीने वऱ्हाडातली कपाशी आतून पोखरून टाकली होती. बोंड वरून टंच दिसायचं, उकललं की आत काळवंडलेली सरकी आणि चिकटलेला, पिवळट कापूस. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे चेहरे त्या हंगामात तसेच मिटलेले होते. घरात जे सलतं आहे ते निदान धड्यात नको, म्हणून तर मी फुलपाखराचे रंग निवडले होते. तसं मी तिला लिहिलं.

तिचा निरोप आला. “ताई, घरी सारे त्या अळीले भेतात, तं पोरगंही भेते. मंग शाळेत तरी कोणी त्याले सांगाव न, थे अंडं कुठं देते, कोषात कवा जाते. समजलं तं भेव कमी होते.”

मी फुलपाखरू काढून टाकलं. शबानाच्या नवऱ्याने शेतात बोंडं चिरून, तळहातावर ठेवून फोटो काढले. ते मी क्रमाने लावले, बाण काढले, नावं दिली. मग तिचं निवेदन आलं. “पोट्टेहो, हे बोंड पाहा. वरून कसं गुटगुटीत दिसते. आता आत कोण बसून राह्यलं, थे पाहू.” माझे पाठ्यपुस्तकी कान अडखळले. तिलाही ते जाणवलं असावं. “शुद्ध भाषेत करून पाठवू का?” तिने विचारलं. मी धडा पुन्हा लावला. त्या वाक्यापाशी माझ्याही नकळत मी पडद्याकडे झुकत होते, आत कोण आहे ते पाहायला. मी लिहिलं, ‘नको. असाच राहू दे.’

धडा पसरला. चिखलदऱ्याकडच्या एका शिक्षकांनी चित्रं तीच ठेवून त्याला तिथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत आवाज दिला. नांदगाव पेठेकडून एका बाईंनी कळवलं की त्यांच्या वर्गातल्या मुलीने घरी वडिलांना तो दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी बाप-लेक दोघं शेतातल्या पऱ्हाटीत, कपाशीच्या झाडांतून, कोष शोधत फिरले. मी ते वाचलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा घशाचा विचार न करता चहा प्याले. धडा माझा होता आणि माझा नव्हता. माझ्यावाचून तो अडला नव्हता. या जाणिवेचं दुःख व्हावं, तर छातीवरून ओझं उतरल्यासारखं का वाटत होतं?

अहवाल आला. गाठ निरुपद्रवी होती. “आता ‘अ’ म्हणा,” डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं. जाडाभरडा, मध्येच फाटणारा, पण आवाज होता. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी शबानाला पहिल्यांदाच फोन लावला आणि फक्त तिचं नाव घेतलं.

“कोण बोलून राह्यलं?” तिने विचारलं.

मी माझं नाव सांगितलं.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“रिपोट?”

“साधी निघाली गाठ.”

“अल्लाचे उपकार,” ती म्हणाली. “किती बोलायची परवानगी हाय तुमाले?”

“थोडंच.”

“मंग आज बस झालं. ठेवा फोन. घरी जा, गरम पाणी प्या.” आणि मी ठेवणार तेवढ्यात ती घाईने म्हणाली, “ताई, उद्या अजून थोडं बोलजा.”