साडूंची जलपर्णी

आमच्या थोरल्या साडूंच्या हातून आजवर एकही रोप मेलेलं नाही, आणि तीच त्यांची खरी अडचण आहे. रोह्याच्या शाळेतून निवृत्त होऊन ते पेणजवळच्या जोह्याला आमच्या शेजारी राहायला आले आणि वर्षभरात त्यांची बाग कुंपण ओलांडून आळीभर फिरू लागली. छाटलेली फांदी टाकणं त्यांना पाप वाटे. ओल्या फडक्यात गुंडाळून समोर येईल त्याला ते ती देऊन टाकत. पेणच्या एसटीत कंडक्टरने सुटे मागितले, तर सुट्ट्यांबरोबर घाणेरीची फांदीही त्याच्या हातात गेली. "मास्तर, ही रानात माजते," तो म्हणाला. "माजू दे की! एका गुच्छात रंग किती हायत ते बघ!"

मला त्यांनी जलपर्णी दिली. फुलं जांभळी, देखणी. महिन्याभरात आमच्या टाकीतलं पाणी दिसेना. बायको म्हणाली, "डास झालेत, फेका ती ब्याद. आणि भावोजींना कळू देऊ नका." एका दुपारी मी बादली गावतळ्यात ओतली.

पुढच्या भाद्रपदात तळं हिरवंगार. गाव गणपती घडवणारं. पण विसर्जनाची पहिलीच मूर्ती बुडेना! त्या हिरव्या गादीवर ऐसपैस बसून राहिली. पोरं हसली. थोरांनी साडूंकडे पाहिलं, कारण ते झाड गावाने त्यांच्याच दारी पाहिलं होतं. रंगकाम करणारी एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, देवाला जायलाबी जागा नाय ठेवलीत, व्हय?"

"माझी तर टाकीतच हाय गो," साडू गोंधळून म्हणाले. मी शेजारीच टाळ घेऊन उभा होतो. मी तो अधिकच जोरात वाजवला.

तेव्हापासून चार वर्षं ते रोज सकाळी तळ्यात उतरून जलपर्णी उपसत होते. त्यांच्या हातचं रोप मात्र कुणी घेईना. भरली पिशवी घेऊन निघत, भरलीच परत आणत. ते बघवेना, म्हणून यंदा गणपतीच्या बैठकीत उभा राहून मी सगळं सांगून टाकलं.

साडू बघतच राहिले. "फेकलंस? मी दिलेलं रोप फेकलंस? नको होतं तर परत आणायचंस की रे!"

बैठक हसून लोळली. ती म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, एक रोप मला द्या. पण गुलाबाचं हां, माजणारं नको!"

आता गाव पुन्हा त्यांच्याकडून रोपं नेतं. माझ्या फाटकाशी आले की साडू मात्र पिशवी दुसऱ्या हातात घेतात आणि पुढे जातात. मी तुळशीपाशी वीतभर माती भुसभुशीत करून ठेवली आहे. रोज थोडं पाणी घालतो.