एक वीत खारी

“दादा, पहिले जुनी खारी काढ, मंग नवी टाक. तुळईवर वझं व्हयी राहिनं.”

“ती मना बापनी टाकेल माती शे. तू कोन काढनारा?”

“बाप काय तुना एकलाच व्हता? मना नई व्हता?”

वर धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर, हे भांडण चाललेलं आणि खाली बेबाबाई भाकरीचं पीठ मळत बसलेली. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. वर सासरे रतिलालआबा आणि त्यांचे धाकटे भाऊ भाईदासनाना. दोघं बोलण्यापेक्षा पायच जास्त आपटत होते, आणि प्रत्येक आपटीला चिमूटभर माती परातीत पडत होती. बेबाबाईने ती बोटाने उचलून टाकली. पुन्हा पडली, पुन्हा उचलली. मग मान वर करून बघितलं तर तुळईला पांढरी, ताजी चीर गेलेली.

सांगावं असं तिला वाटलं. पण नव्या सुनेने सासऱ्याला छपराचं शिकवायचं? तिने पदर सारखा केला आणि भाकऱ्या थापल्या.

खानदेशातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं. तुळयांवर लाकडं, लाकडांवर काटक्या-पाला, त्यावर माती आणि सगळ्यात वर खारी माती, जी पाणी पिऊन घेत नाही. दोन-तीन वर्षांनी नवी खारी टाकावी लागते. जुनी खरवडून न काढता वरच्यावर टाकत गेलं की घर डोक्यावर डोंगर घेऊन उभं राहतं. आबांनी तेच केलं. त्याच श्रावणात कोपरा खाली आला आणि सासूचा पाय मोडला. सासू पुढे एकोणीस वर्षं जगली, आणि त्यातल्या एकाही दिवशी ती सरळ चालली नाही. तिला हाताला धरून परसात न्यायचं काम बेबाबाईकडेच होतं, त्यामुळे विसरायची सोय नव्हती.

पुढच्या साली बेबाबाई स्वतः शिडी लावून वर चढली. आबा खालून ओरडले, गल्ली गोळा झाली. ती खरवडतच राहिली. हळूहळू बाकीचे लोकही तिला बोलवायला लागले. खारी किती टाकायची याचं तिचं माप एकच, तिची वीत. हात लहान, म्हणून गडी चिडवायचे, “अक्का, मोठ्या हातनी बाई आन, घर गार राही!”

“तुनं डोकं गार राहू दे पहिले,” ती म्हणायची.

आणि काम झालं की ती घरातली रिकामी परात मागायची, तुळईच्या जोडाखाली ठेवायची आणि शेजारी बसून राहायची. परातीत कणही पडला नाही की मगच चहा.

मग गावात स्लॅब आले. एकेक धाबं उतरलं, त्यांची माती ट्रॉल्यांनी ओढ्यात गेली. उन्हाळ्यात तेच स्लॅबवाले दुपारी बेबाबाईच्या ओसरीवर येऊन आडवे व्हायचे. तीही उठवत नसे, फक्त म्हणायची, “तुमना पंखा बी संगे लई या.”

अशा बाईकडे सत्तरीत जळगावची आर्किटेक्ट आली. ज्योत्स्ना नावाची, तिशीतली, चपला बाहेर काढून भिंतीला हात लावून बघणारी. पारोळ्याच्या रस्त्यावर पाइपांचे व्यापारी हितेंद्रभाऊ फार्महाउस बांधत होते. आता शहरात मातीची फॅशन आली होती. काचेच्या भिंती, सिमेंटचा मुद्दाम खरखरीत ठेवलेला ओटा, आणि वर मातीचं धाबं. जी माती लोकांनी ओढ्यात टाकली, तिचे आता नकाशे निघत होते.

हॉलमध्ये एकही खांब नव्हता. “मोकळं हवंय, मावशी,” ज्योत्स्ना म्हणाली.

“इतलं मोकळं? गुरं बांधनी शेत का?”

ज्योत्स्ना हसली. लाकडाच्या आत लोखंडी गर्डर कसा लपवलाय ते तिने दाखवलं. माती किती धरायची म्हणून विचारलं, तेव्हा बेबाबाईने वीत पसरली. पोरीने टेप लावला. सात इंच. तिने हिशेब केला, मान डोलावली आणि नकाशावर लिहिलं, ‘खारी, एक वीत’. बेबाबाई दुसरीपर्यंत शिकलेली. तिने ते अक्षर लावून लावून वाचलं आणि घरी जाऊन दोनदा सांगितलं.

बेबाबाईच्या हाताने धाबं झालं, आणि राखणदार म्हणून तिची नात सारिका आणि नातजावई ललित तिथेच मागच्या खोलीत राहायला आले. खोली त्याच धाब्याखाली.

मग हितेंद्रभाऊंना वर लॉन हवं झालं. पाहुणे वर बसतील, फोटो चांगले येतील. काळी माती आली.

“मॅडमले इचारं का?” बेबाबाईने भाऊंना विचारलं.

“विचारलं अक्का. हो म्हणाल्या.”

काळी माती पाणी पिते आणि सोडत नाही, हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. पण त्याच सकाळी भाऊंनी तिचा फोटो काढवला होता. मोठा करून हॉलमध्ये लावणार म्हणाले होते. तोवर तिचा फोटो फक्त आधारकार्डावर होता, आणि त्यात ती चोरी करताना धरलेल्या बाईसारखी दिसत होती. तिने काळी माती पसरली. स्वतःच्या हाताने. त्या दिवशी परात ठेवायची ती विसरली.

लॉनला रोज फवाऱ्याने पाणी. तीन आठवड्यांनी ती नातीकडे गेली. सारिका कणीक मळत होती. गप्पा मारता मारता तिने परातीतून काहीतरी बोटाने उचललं आणि बाजूला टाकलं. थोड्या वेळाने पुन्हा.

बेबाबाईने वर बघितलं. गर्डर झाकणाऱ्या फळीला पांढरी, ताजी चीर होती.

तिने सारिकाकडून ज्योत्स्नाला फोन लावून घेतला. पलीकडून ज्योत्स्ना म्हणाली, “त्यांनी विचारलं होतं, वर चार कुंड्या ठेवू का. मी घाईत हो म्हटलं, मावशी. कुंड्यांना. पाणी बंद करा, खाली कुणी राहू नका. उद्या दुपारी पोचते.”

हितेंद्रभाऊ मात्र चिडले. “परवा वास्तुशांत आहे, दीडशे माणसं यायचीत. चार दिवस थांबेल की नाही?”

“भाऊ, धाबाले तुमनी तारीख माहीत नई.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने सारिकाचं सामान अंगणात काढलं आणि फावडं घेऊन शिडीला हात घातला. ललित आडवा आला. “आजी, मनी नोकरी जाई.”

“जाई,” ती म्हणाली. खोटं बोलून धीर द्यायचं तिला जमलं नाही. तो शिडी धरून उभा राहिला, आणि मग दुसरं फावडं घेऊन तिच्या मागे चढला. हिरवीगार ढेकळं धपाधप खाली पडायला लागली.

दुपारी ज्योत्स्ना आली तेव्हा वर फक्त खारी उरली होती. तिने खालून दोरी ताणून बघितलं. गर्डर अंगठाभर खाली वाकला होता. तिने भाऊंना तोंडावर सांगितलं की चूक माझीही आहे, पण माती काढली ते बरोबर केलं.

“पण पडलं असतं कशावरून?” भाऊ म्हणाले.

जे पडलं ते दाखवता येतं, जे पडलं नाही ते कसं दाखवायचं? लॉन गेलं, वास्तुशांत पुढे गेली, ललितची नोकरी गेली. सारिका आणि ललित वरणगावला निघून गेली. गावात म्हणायला लागले, म्हातारीला भ्रम झाला, नातीचं चाललेलं घर मोडलं. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सगळ्या लेकी-नाती माहेरी आल्या, झोके बांधले. सारिका आली नाही. फोनही केला नाही. बेबाबाईने तिच्यासाठी काढून ठेवलेली पुरणपोळी दोन दिवस झाकून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी गायीला घातली. रात्रंदिवस तिच्या मनात एकच होतं, खरंच पडलं असतं का?

त्या आखाजीनंतर पंधरा-वीस दिवसांतच बेबाबाई वारली. पण त्याआधी, पाऊस तोंडावर आला तसा, एका दुपारी ती कुणी न बोलावता एसटीने फार्महाउसवर पोचली. पदराच्या गाठीत मूठभर खारी होती.

नव्या राखणदारणीने विचारलं, “कोण पाहिजे?”

“धाबं.”

वर जाऊन तिने पन्हळीतला पाला काढला. कडेला उंदराने केलेलं भोक खारीने बुजवलं, पायाने दाबलं. एका कोपऱ्यात मातीत काडी खुपसून वर काढली आणि वितीने मोजली. बरोबर होती. चार कुंड्या तेवढ्या काठाला होत्या. गर्डरवर भार नको म्हणून त्या तिने भिंतीच्या माथ्यावर सरकवून ठेवल्या.

खाली येऊन तिने परात मागितली. गर्डरच्या जोडाखाली ठेवली आणि शेजारी भिंतीला टेकून बसली. जिथे तिचा फोटो लागणार होता तिथे आता पितळी घड्याळ होतं. राखणदारीण दोनदा येऊन बघून गेली.

परातीत काही पडलं नाही. बेबाबाईने ती पदराने पुसून परत दिली, चहा घेतला, आणि चारची एसटी धरायला रस्त्यावर जाऊन उभी राहिली.