धार तुटली तेव्हा

बादली भरत असताना मध्येच नळ गेला, की आजही मी चावी पुन्हापुन्हा फिरवत राहते. घरचे हसतात. बाईला पाण्याची फार काळजी, म्हणतात. हसू देत. पाण्याची काळजी मला कधीच नव्हती. धार तुटते तेव्हाची शांतता मला सहन होत नाही, आणि ती का, हे मी आजवर फक्त एका माणसाला सांगितलं आहे.

आम्ही सुरतेला बमरोलीत राहायचो, कामगारांच्या चाळीतल्या दोन खोल्यांत. बाबा कापडाच्या मिलमध्ये बॉयलरवर होते. आजूबाजूला सगळी खानदेशची माणसं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. पण चाळीत हे समजावून सांगण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. साहेबाशी भांडून शनिवारची सुट्टी मिळवलेला माणूस, एवढीच बाबांची ओळख. शहरात आमची घरं मोजून तीन. सिनेगॉग अहमदाबादला, नातेवाईक मुंबईला, आणि सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात ते सुरतेत कधी जमले नाहीत.

आई जन्माने आमच्यातली नव्हती. ती धुळ्याकडची, लिंबायतला भावाच्या घरी वाढलेली. लग्नाआधी ती कोकणात एका हजानांच्या घरी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गुरुजींच्या घरी, सहा महिने राहिली. सण, उपास, मांस मीठ लावून कसं ठेवायचं, खवले नसलेला मासा घरात का आणायचा नाही, हे सगळं हजानांच्या बायकोकडून शिकली आणि शाळेच्या वहीत उतरवून घेतलं. मग एका सकाळी अंगाला पांढरं मांजरपाट गुंडाळून समुद्रात तीन बुड्या मारल्या आणि ज्यू होऊन बाहेर आली. ते मांजरपाट तिने धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलं होतं. आमच्याशी ती मराठी बोले. अगदी आतलं काही निघालं, तर अहिराणीत निघे.

आणि आमच्याकडे आत्या होती. बाबांची मोठी बहीण, विधवा, दम्याची. मूलबाळ नव्हतं, म्हणून तिची सगळी माया माझ्यावर. तिने आईला कधी नावाने हाक मारली नाही, ना जुन्या, ना समुद्रातून बाहेर आल्यावर मिळालेल्या. आई तिच्यासाठी 'खानदेशीण'. शुक्रवारी संध्याकाळी आई डोक्यावर पदर घेऊन दिवा लावायची, न चुकता, सूर्य बुडायच्या आत. आत्या भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "बाटग्याची बांग मोठी." आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आत्या आईच्या हातचं खात नसे. वेगळ्या स्टोव्हवर स्वतःपुरता भात शिजवायची. पाणी मात्र माझ्याकडून मागायची, आणि मी माठातून बुडवून द्यायची. माठ रोज आईच भरायची! हे आत्याला दिसत नव्हतं असं थोडंच? पण मधे माझा हात आला की तिचं समाधान होत असे. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही. मी आत्याला चालत होते, आई चालत नव्हती.

मी तेरा-चौदा वर्षांची असेन. एका दुपारी आई फॉल-बीडिंगच्या साड्या द्यायला गेली होती. आत्या माझ्या डोक्याला तेल लावत होती. बोटं थांबली आणि ती म्हणाली, "मी गेले की अहमदाबादहून बायका बोलवायच्या. मला आंघोळ त्या घालतील. तुझ्या आईचा हात माझ्या अंगाला लागू देऊ नकोस."

"का?" मी विचारलं.

"तिला समुद्रात घातलं तेव्हा हजान एकटे होते. ज्यू करून घ्यायला तीन जाणती माणसं बसावी लागतात, तिघांनी हो म्हणावं लागतं. एकट्याने काय होतंय? बापाला सांगू नकोस, तो भांडेल. तूच बघ. घे शपथ."

मी एलियाहू हनबीची, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याची, शपथ घेतली. आमच्यात याहून मोठी शपथ नाही. आत्याचा हिशेब खरा धरला, तर आईच्या पोटची मीसुद्धा बाहेरचीच ठरत होते. ही पुढची पायरी आत्या कधी चढली नाही. तेव्हा मीही चढले नाही. मोठ्या माणसाने आपल्यावर काही सोपवलं, याच खुशीत मी होते.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता सुरतेत प्लेग आला. लोक तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे पळत होते. आमची चाळ दोन दिवसांत ओस पडली. दारांना कुलपं, दोरीवर विसरलेले कपडे, आणि मिलचा भोंगा बंद. मामा लिंबायतहून रिक्षा घेऊन आला, म्हणाला, "चला, गावाला चला, मरशाल इथे." पण आत्याला दम्याने बसल्या जागेवरून उठता येत नव्हतं. बाबा जाणार नव्हते, म्हणून आई गेली नाही, म्हणून मीही राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी आत्या गेली. ओळखीच्या डॉक्टरने लांबूनच बघून दाखला लिहून दिला, की प्लेग नव्हे, दमाच. बाबा उघडं एसटीडी बूथ शोधत तासभर फिरले आणि अहमदाबादला फोन करून परत आले. आमच्यात बाईच्या मयताला बायकाच आंघोळ घालतात, आणि त्या ज्यू असाव्या लागतात. अहमदाबादहून कोणी यायला तयार नव्हतं. बाबांनी विचारलं, मग करू काय? तिकडचे वडीलधारे म्हणाले, "घरात बायको आहे ना तुमची? मग विचारता कशाला!"

मला आजही याचा राग येतो. पंधरा वर्षं हेच लोक सणाला आईला बघून "या कुठल्या गावच्या?" असं विचारायचे. अडल्याबरोबर तीन माणसंही नकोत आणि धर्मांतराचा कागदही नको. फोनवर एका वाक्यात ती पूर्ण ज्यू झाली.

मी कोपऱ्यात उभी होते. बोलायची वेळ तीच होती. पण मी सांगितलं असतं तर आत्याला आंघोळच मिळाली नसती, आणि आईसमोर ते वाक्य उच्चारायची माझी हिंमत नव्हती. 

कफनाला साधं सुती कापड लागतं. सुरतेत गल्लोगल्ली कापड, पण सगळं चमकणारं, नायलॉन-पॉलिएस्टरचं, आणि त्या दिवशी तर दुकानंच बंद. आईने ट्रंक उघडून मांजरपाट काढलं. बाबा म्हणाले, "ते नको." आई म्हणाली, "मग कोणतं?" कफनाच्या दोऱ्याला गाठ मारायची नसते. रोज साड्यांना फॉल लावणारी माझी आई, बोटं सवयीने गाठ मारायला जात, आणि ती दर वेळी दोरा सोडवून पुन्हा ओवत होती. तेवढ्यात बाबा आणि आमच्यातले उरलेले दोन पुरुष शहरातल्या जुन्या ज्यू कबरस्तानात खड्डा खणायला गेले. कित्येक वर्षांत तिथे कोणाला पुरलं नव्हतं.

आतल्या खोलीत आत्याला फळीवर ठेवलं होतं, वर चादर. आईने वही उघडली. शेवटच्या पानांवर मयताचं लिहिलेलं होतं. आधी मृताची माफी मागायची. आईने वहीतलं हिब्रू वाक्य देवनागरीत वाचलं, अडखळत. मग वही खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, माफ करा. दुसरं कोनी नही शे. हाऊ हात मना शे, पन काम तुमनं शे." हात माझा, पण काम तुमचं.

मला वाटलं, चादरीखालून आत्या ऐकते आहे. आता उठेल आणि माझ्याकडे बघेल.

अंग पुसून झाल्यावर शेवटी तीन बादल्या ओतायच्या असतात, एकामागोमाग. पहिलीची धार संपायच्या आत दुसरी सुरू व्हायला हवी, दुसरीची संपायच्या आत तिसरी. म्हणून एकट्या बाईला हे जमत नाही. पहिली आणि तिसरी आईची, मधली माझी. मी बादली उचलून उभी राहिले. आईने ओतायला सुरुवात केली. तिचा डावा हात आत्याच्या खांद्याखाली होता. तो हात मला दिसला, काळा, सुईने टोचलेला, आणि कानात आत्याचा आवाज आला.

"आता," आई म्हणाली.

मी ओतलं नाही.

पाणी संपलं. मोरीत शेवटचे थेंब पडले ते ऐकू आले, कारण अख्ख्या चाळीत दुसरा आवाजच नव्हता. आईने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. फक्त पाहिलं, आणि मग म्हणाली, "पहिल्यापासून करावं लागंल. भर."

मी ओसाड अंगणातल्या हातपंपावर पुन्हा पाणी भरलं. दुसऱ्या वेळी धार तुटली नाही. मग आईने स्वतःच्या समुद्राच्या कापडात आत्याला गुंडाळलं.

सात दिवस घरात दिवा होता, आरशावर कापड होतं. मी मोरीत जायला घाबरायची. नळ थेंबथेंब गळायला लागला की वाटायचं, आत्या विचारते आहे, तू शपथ घेतली होतीस ना? माठाजवळ गेले की पाठीमागे तिचा दम लागलेला श्वास ऐकू यायचा. मी तिला खरोखर घाबरत होते, आणि मला तिची आठवणही येत होती, आणि यातलं काहीच कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

प्लेग ओसरल्यावर अहमदाबादहून पाहुणे आले. आईने गोड पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा केला. सगळ्यांनी तिच्या हातचा खाल्ला, खूप वाखाणला. पुढच्या सणाला आम्ही अहमदाबादला गेलो, तर त्यांच्यातल्याच एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी आई मूळची कुठली गं?" गरज सरो, वैद्य मरो.

चार-पाच वर्षांनी, एका दुपारी आई आणि मी समोरासमोर बसून फॉल लावत होतो. मला पुढच्या आठवड्यात शिकायला मुंबईला जायचं होतं. का कोण जाणे, मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आत्याची अट, माझी शपथ, सगळं.

आई शिवत राहिली. "मला माहीत होतं," म्हणाली. "त्या मलाही सांगून गेल्या होत्या, तोंडावर."

"तरी तू घातलीस आंघोळ?"

"मग काय, तशाच ठेवायच्या?"

मी रडायला लागले. म्हणाले, "मी थांबले ना, ते त्यामुळेच. शपथेमुळे."

आईची सुई थांबली. तिने माझ्याकडे अगदी तसंच पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसं.

"असं व्हतं का ते," ती म्हणाली. "माले वाटनं, तुलेबी मना हात चालत नही."

एवढी वर्षं ती हे घेऊन माझी वेणी घालत होती, माझं ताट वाढत होती. मी म्हणाले, "नाही गं आई, तसं काही नव्हतं." तिने मान हलवली आणि साडी पुढे सरकवली. तो काळा हात दिसला होता तेव्हा क्षणभर माझ्या मनात काय आलं होतं, ते मला माहीत होतं. आणि माझं तोंड बघून, मला वाटतं, तिलाही कळलं.