न चाखलेली काकडी

मी काकड्या चाखून न बघता चिरल्या. एक वाकडी तेवढी बाजूला राहिली, बाकी सगळ्या एकाच भांड्यात टाकल्या.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, असं कुणीही म्हणेल. पण त्या भांड्यावर आप्पांचं दवाखान्यात जाणं न जाणं लटकलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. उन्हाळा लागता लागता त्यांना ताप आला, आणि जाताना तो तोंडाची चव घेऊन गेला. ताट पुढं केलं की बोटानं मागं सारायचे. "माती लागतीया रं," एवढंच. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत पोटात काही जायला लागलं नाही तर दाखल करून सलाईन लावू. आणि आप्पा त्याच दवाखान्यातून माझ्या आईला घेऊन यायला म्हणून गेले होते ते एकटेच परत आले होते. "तिथं न्हाय जायचं मला," असं म्हणून ते माझ्याकडं बघत. जणू न नेणं माझ्या हातात होतं. माझ्या हातात त्या आठवड्यात फक्त पळी होती, आणि तीही उलटी.

बायको नेमकी निपाणीला. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिथं मदतीला. घरात मी आणि आप्पा. मी उद्यमबागेत फौंड्रीत आहे. लोखंड किती तापलं की ओतायचं हे मला लांबून रंग बघून कळतं. तेल किती तापलं की मोहरी टाकायची हे मात्र अजून कळलेलं नाही. मी केलेली आमटी खाल्ल्यावर आप्पांना मातीची चव लागली तर त्यात दोष तापाचा की माझा, हेही सांगणं अवघड होतं.

बेंगळुरूहून मुलीचा फोन आला. "पप्पा, एवढ्या उन्हात भाकरी-आमटी कोण खाईल? ग्रीक सॅलड करा. काकडी, टोमॅटो, कांदा. गार, आंबट, खारट. आज्जा खातील बघा." पाठोपाठ तिनं व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा बाबा झाडाखाली उभा राहून हसत हसत काकडी कापत होता. गॅस कुठंच पेटवला नाही. मला तो देश एकदम आवडला.

खडेबाजारातून काकड्या आणल्या. ऑलिव्हचं तेल आमच्या घरात मुलगी तान्ही असताना शेवटचं आलेलं, म्हणून पाय आपोआप औषधाच्या दुकानाकडं वळले. दुकानदारानं बाटली काढून विचारलं, "बाळ केवढं आहे?" मी म्हटलं, ब्याऐंशीचं. त्यानं बाटली परत फळीवर ठेवली आणि हे अंगाला लावायचं आहे, असं गंभीरपणे सांगितलं. मग मी घरचं शेंगतेल घेतलं. तिकडचं चीज मिळालं नाही, तर मुलगी म्हणाली पनीर मिठाच्या पाण्यात ठेवा आणि वर लिंबू पिळा. काळे ऑलिव्ह तेवढे कॅम्पातल्या एका दुकानात बाटलीत मिळाले.

आता काकडी. आमच्याकडं काकडीचं टोक कापतात, ते कापल्या जागेवर गोल गोल घासतात, पांढरा फेस येतो तो पुसतात, मग एक चकती तोंडात टाकून बघतात, आणि मगच पुढची सुरी चालते. हे कुणी शिकवत नाही, हे असतंच. पण त्या गोऱ्या बाबानं टोक सरळ फेकून दिलं आणि चिरायला घेतलं. मी विज्ञान शाखेचा पदवीधर. घासून कडूपणा जात असता तर आमच्या मॅनेजरला रोज घासला असता, असं म्हणून मीही टोकं फेकली. चाखली नाही, कारण मोठ्या माणसाच्या आधी आपण तोंड लावू नये, हा आईचा नियम आठवला. असले नियम मला ऐन वेळी फार सोयीनं आठवतात. वाकडी काकडी व्हिडिओत नव्हती, म्हणून ती ओट्यावरच ठेवली.

सगळं कालवून फ्रिजमध्ये गार केलं आणि काचेच्या वाडग्यात घालून भाकरीच्या ताटाबरोबर आप्पांपुढं ठेवलं.

"काय हे?"

"सॅलड, आप्पा. ग्रीक लोकांचं."

"त्यास्नी कोशिंबीर येत न्हाय व्हय?" त्यांनी चमच्यानं ऑलिव्ह उलटा केला. "आणि जांभळं कशाला खारवलीत?"

पण चमचा भरला. किती दिवसांनी माणसानं आपण होऊन चमचा भरला होता. मी तांब्या घेऊन शेजारी बसलो. दोनदा चावलं, आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की मी पाण्याचा तांब्या पुढं करायचंही विसरलो. घास ताटाच्या कडेला आला.

"कडू."

मी एक फोड खाल्ली. कडू म्हणजे जीभ दुमडून घ्यावी असं. तरी हरायला तयार नव्हतो. एखादीच कडू असेल, बाकीच्या फोडी निवडून काढू, म्हणून एकेक चाखायला लागलो. पहिली फोड जिभेवर बसलेली, त्यामुळं दुसरी कडू, तिसरी कडू, शेवटी टोमॅटोही कडू लागला. मुलीला फोन केला.

"पप्पा, कडू असेल ती काकडी बाजूला काढा ना."

"ती कोणती ते तिनंच सांगाय पाहिजे."

"चिरताना चाखली नव्हती?"

मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं.

आप्पा हे सगळं बघत बसलेले. मी आशेनं विचारलं, "कडू कळलं म्हणजे चव आली का, आप्पा?"

"ते मेलेल्या माणसालाबी कळंल," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "काकडी राहिलीया का एखादी?"

ओट्यावरची वाकडी आणली, सुरीही आणली.

"टोक काप. घास. लई जोर नको लावू, लोखंड न्हवं ते. आता पूस. चकती काढ. खा."

खाल्ली. गोड होती. पाणीदार, थंड. मी मान हलवली तशी त्यांनी उरलेली काकडी हातातून घेतली, मिठाला लावली आणि सावकाश खाल्ली. तिच्या जोडीला भाकरीचा एक तुकडाही मोडला. मग हात थांबला.

"आणि थोडी भाकरी?"

"बास."

काकडी आणि भाकरीचा तुकडा. डॉक्टर याला जेवण म्हणतील का, मला माहीत नव्हतं. सोमवार तर काही लांब नव्हता. वाडग्यातलं सॅलड तेलानं चकाकत होतं, आणि मी त्यात चमचा फिरवत बसलो होतो.

"उद्या परत करू का, आप्पा? चाखून?"

त्यांनी हात धुतला, पंच्याला पुसला.

"तुझी आई काकडी चिराय बसली की पयली चकती तुझ्या हातात द्यायची," ते म्हणाले. "घरात तेवढं एकच काम तुला जमत हुतं. तेबी इसरलास."